कन्नडी

उद्यमबागेत शेवटच्या गल्लीत,
फौंड्रीला पाठ लावून एक शेड आहे.
पाटीवर भिंगाचं चित्र,
त्यामुळे लोक चष्मा दुरुस्तीला येतात.
इराण्णा हंचिनमनी त्यांना परत पाठवत नाहीत.
काडीचा स्क्रू घट्ट करून देतात, पैसे घेत नाहीत,
मग कोपरापर्यंत हात धुतात
आणि दुर्बिणीच्या आरशाकडे वळतात.

मी सहा आठवड्यांसाठी. बी.एस्सी., शेवटचं वर्ष,
वडगावची, मागाच्या घरातली.
पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, मोजता येतं?
मी म्हटलं, हो.
तिसऱ्या दिवशी कळलं, ते गणिताबद्दल नव्हतं.
पिंपाभोवती फिरायचं. खाली राळेचा थर,
वर काच, मध्ये तांबूस लगदा.
ढकल, ओढ, एक पाऊल डावीकडं.
असं चारशे वेळा.
‘सावकाश,’ ते म्हणायचे,
आणि हा शब्द त्यांचा की आमचा
या विचारात माझा आकडा चुकायचा.
पुन्हा एकपासून.

आई विचारते, काय करालीस गे तिकडं?
आरसा घासते.
तोंड दिसतंय काय त्यात?
दिसतं. पुसट. लांबून बघितलं तर उलटं.
आई हसते, हसताना तिचं बोट कापडावरून फिरत असतं.
सुटलेला धागा तिला
डोळे मिटूनही सापडतो.

चाचणी रात्री दोननंतर,
फौंड्रीची दुसरी पाळी सुटली की.
तोवर जमीनच हलत असते.
अंधारात सुईच्या टोकाएवढा दिवा,
आणि परत येणाऱ्या उजेडाच्या वाटेत
दाढीचं पातं, केसाकेसानं पुढं.
मग सपाट वाटणाऱ्या काचेवर
सावल्या उभ्या राहतात, टेकड्या, खळगे,
खानापूरकडं जाताना संध्याकाळी दिसते तशी जमीन.
फक्त इथली सगळ्यात उंच टेकडी
केसाच्या हजाराव्या भागाएवढी.

एका रात्री मला मधोमध काहीतरी खटकलं
आणि मी आईसारखं केलं.
अंगठा टेकवला.

इराण्णा ओरडले नाहीत.
खुर्ची सरकवली. बघ, म्हणाले.
अंगठ्याच्या जागी डोंगर उगवला होता.
‘कन्नडीला ताप आलाय. उतरेल.’
कन्नडी, म्हणजे आरसा. मला ठाऊक होतं,
दुकानांच्या पाट्या वाचतच वाढले.
पण त्या भाषेच्या नावाला एक वेलांटी दिली
की आरसा होतो,
हे मराठी शाळेत बारा वर्षं बसून
कधी मनात आलं नव्हतं.
बावीस मिनिटं आम्ही दोघं
माझ्या अंगठ्याची ऊब निवताना बघत बसलो.

मधला भाग बरोबर निघाला. कड पडली होती.
‘कड नेहमी आधी पडते,’ ते म्हणाले,
‘सगळ्यांचा जोर तिथंच जातो.’
मग उचलायची कशी?
‘कड उचलता येत नाही, तंगी.
बाकीची सगळी काच
तिच्यापर्यंत खाली आणायची.’
सहाचे नऊ आठवडे झाले.
कॉलेजला पत्र लिहावं लागलं.

आरशाच्या पाठीवर पेन्सिलीनं नंबर घातला, 17.
इंग्रजीत, म्हणजे भांडण नाही.
तो कुठल्याशा डोंगरावर जाईल,
ताऱ्याचा उजेड आणखी एका आरशावर टाकेल,
तिथून पुढं तो उजेड पिंजून ठेवतील,
रंग रंग वेगळा.
कुठला तारा, मी विचारलं.
‘त्यांनी सांगितलं नाही. पैसे मात्र वेळेवर दिले.’

खोकं टेम्पोत चढवताना
अंगठा मी मुठीत धरला होता.
सवय.
पलीकडं सकाळची पाळी सुरू झाली,
पायाखाली जमीन हलायला लागली,
आणि फाटकाशी कुणीतरी
मोडकी काडी हातात घेऊन उभं होतं.